शकूताईची रेघ

शकूताई गेली, हे तिच्या मायनेच मला फोनवर सांगितलं. रडली नाही. "सकाई उठली, अंगणात बसली, आन् बसल्या बसल्या गेली व पोरी," एवढंच सांगितलं. मग म्हणाली, "तिचा एक बी धड फोटो नाई घरात. तू ये आन् तिले काढ." मी नागपुरात, स्क्रीनवर कुठल्याशा पुस्तकासाठी कोंबड्या काढत बसले होते... त्या अजून अर्ध्याच आहेत.

यवतमाळला लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शकूताईच्या दोन खोल्या होत्या. मी शेजारची, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. कापूस बुडाला, कर्जापायी गावोगाव शेतकरी जीव देत होते त्या वर्षांत मुकुटबन, केळापूरकडून बाया तिच्याकडे येत. घरातला माणूस गेलेला, आणि फोटो म्हणजे मतदान कार्डावरचा, बोटाच्या पेराएवढा. स्टुडिओत मोठा करायला द्यावा तर चेहऱ्याचा नुसता धूर व्हायचा. ताई त्यावरून रेघांचं चित्र काढून द्यायची. बाईला समोर बसवायची, पाणी द्यायची आणि त्या माणसाबद्दल बोलायला लावायची. पेन्सिल फिरत राहायची. चित्र बघून बाई 'हो, हेच' म्हणाली तरच शाई लावायची. तोवर कितीही वेळा खोडायची तिची तयारी असे.

मी तिच्याकडे शिकायला गेले, तर तिने महिनाभर नुसत्या रेघा ओढायला लावल्या. मनगट हलवायचं नाही, हात खांद्यातून आणायचा, आणि रेघ सुरू झाली की पेन मध्येच उचलायचं नाही. मी भीत भीत तुकड्या-तुकड्याने गेले की म्हणायची, "काहून व, रेघ काढून राह्यली का टाके घालून राह्यली?" तेव्हा मला असा राग यायचा! आता आठवलं की हसू येतं.

पुढे मी जुना कॉम्प्युटर आणि पेन टॅब्लेट घेतलं. ताई त्याला पाटी म्हणायची. बघायचं एकीकडे आणि हात चालवायचा दुसरीकडे, याचं तिला फार नवल. पण शिकली जिद्दीने. खाली स्कॅन केलेलं कागदावरचं चित्र, वर कोरा थर, त्यावर रेघा, आणि चुकलं तर एका बटणाने मागे. ते बटण दाबता दाबता एकदा म्हणाली, "असं मांगं जाता आलं असतं, तं ह्या बाया कायले आल्या असत्या माह्याकडे?"

माझी चूक झाली ती त्याच पाटीवर. मुकुटबनच्या एका बाईच्या नवऱ्याचं चित्र ताईने पेन्सिलीत पुरं केलं होतं, बाईने हो म्हटलं होतं. शाईचं काम ताईने मला कॉम्प्युटरवर करायला दिलं. मी सगळ्या रेघा गुळगुळीत केल्या. डाव्या भुवईतली फट मला स्कॅनचा दोष वाटली, ती भरून टाकली. बाईने छापलेला कागद बराच वेळ हातात धरला. "साजरे दिसून राह्यले," ती म्हणाली, "पन हे आमचे नाहीत वो ताई." लहानपणी बैलबंडीवरून पडून त्यांची भुवई फुटली होती. ताईला ते माहीत होतं, कारण तिने ऐकलं होतं. मी नव्हतं ऐकलं.  ताईने बाईला पुन्हा बसवलं आणि पहिल्यापासून चित्र काढलं. 

फोन आला त्याच्या चौथ्या दिवशी मी मायसमोर बसले. टॅब्लेट नेलंच नाही. मांडीवर कागद घेतला आणि मायला बोलू दिलं. काम करताना खालचा ओठ दाताखाली धरायची, हसली की एकच गाल वर जायचा... मी खोडत गेले, काढत गेले. शेवटी कागद तिच्याकडे फिरवला. मायने चित्रातल्या गालावर बोट ठेवलं.

"माय, शाई लावू?"

"तीच हाय," माय म्हणाली. "पन शाई नोको लावू, पोरी. शाई लावली का ती मेलेल्याईत जाते."

चित्र पेन्सिलीतच आहे. गेल्या रविवारी गेले, तर मायचं बोट फिरून फिरून गालावरची रेघ पुसत आली होती. मी ती पुन्हा ओढून आले.