डोळ्यांची आखणी

पतसंस्थेत कारकून असताना मी लोकांच्या खोट्या सह्या केल्या, पकडला गेलो आणि शिक्षा भोगली. नाशिकरोडच्या तुरुंगात मला गणपती रंगवायला बसवलं. माझा हात स्थिर आहे हे तर कोर्टातच सिद्ध झालं होतं. लवकरच डोळ्यांची आखणी माझ्याकडे आली. मूर्तीचं हे शेवटचं काम, कुणाच्याही हाती देत नाहीत. तुरुंगाबाहेरच्या स्टॉलवर आमचे गणपती घ्यायला लोक रांग लावायचे. कैद्यांनी केलेत म्हणून कौतुकानं न्यायचे.

सुटलो तेव्हा बायको लोकांकडे पोळ्या लाटून घर चालवत होती. तिची मनगटं सुजायची. मला काम लागलं की पोळ्या सोडायच्या, असं तिनं ठरवलं होतं. मी पंचवटीतल्या एका मूर्तीच्या कारखान्यात गेलो. मालकांनी नाव-गाव न विचारता हातात ब्रश दिला. या धंद्यात मुलाखत अशीच होते. मी एका मूर्तीचे डोळे काढले. मालक चष्मा वर करून बघत राहिले.

"उद्यापासून या," म्हणाले आणि चहा मागवला. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "शिकलात कुठे?"

मी सांगितलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "माझं काही नाही हो. पण गिऱ्हाईक पूजेला मूर्ती नेतं. त्याला कळलं तर?"

"तुरुंगाच्या स्टॉलवर सगळ्यांना माहीतच असतं की."

"तिथली गोष्ट वेगळी. तिथे तुम्ही आत असता."

मला राग आला. तरी माणूस वाईट नव्हता. चहा संपेपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती मनगटाला तेल चोळत होती. "पेणला शिकलो म्हणायचं," ती म्हणाली. "अहो, खोटं बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

तुरुंगात भेटायला यायची तेव्हा जाळीपलीकडून हीच मला दर वेळी बजावायची, यापुढे खोटं नको. मी तिला त्याची आठवण करून दिली नाही. सकाळी दुसऱ्या कारखान्यात जायचं होतं. दाढी करताना आरशासमोर एकदा म्हणून बघितलं, "पेणला शिकलो."

सहज जमलं.