रूपाच्या मागचं टमरेल

गारखेड्याच्या मागच्या अंगाला जी पत्र्याची वस्ती आहे, तिथं माणसापेक्षा त्याच्या टमरेलाला जास्त ओळख. इंद्रजीत कोण म्हणून विचारलंत तर दोघं-तिघं डोकं खाजवतील. पण काठाला पोचा आलेला निळा तेलाचा डबा म्हणा, शेंबडं पोरगंही सांगेल, “त्यो व्हय? कडुबाच्या घरचा.”

वस्तीच्या टोकाला सार्वजनिक संडास. बायकांच्या बाजूला चार दारं, त्यातलं एक तुंबलेलं, एकाला कडी नाही, म्हणजे कामाची दोनच. सकाळी उठायचं, आपलं टमरेल रांगेत ठेवायचं आणि घरी जाऊन चहा टाकायचा. टमरेल तुमच्या वतीनं उभं राहतं, ना कुरकुर, ना ढकलाढकली. कोरोना आला आणि माणसानं माणसापासून लांब उभं राहावं, असा फतवा निघाला तेव्हा वस्तीला हसूच फुटलं. आमची टमरेलं हे कधीपासून करतायत की! फरक एवढाच झाला, की जमिनीवर चुन्यानं गोल आखले गेले आणि एका गोलात एकच टमरेल राहू लागलं.

या रांगेची कोतवाल म्हणजे मनकर्णाबाई. तिचा ओटा संडासाच्या बरोबर समोर, आणि नजर अशी, की कुणी आपला डबा बोटभर पुढं सरकवला तरी ओट्यावरून हाक यायची, “सुलेखा, रंगाचा डबा मागं घे. त्याला पाय फुटलेत व्हय?” स्वतःचं टमरेल अ‍ॅल्युमिनियमचं, घासून घासून चांदीसारखं केलेलं. दाराला हात लावायची नाही, पायाच्या अंगठ्यानं ढकलायची. आधी पाणी ओतायची, नंतर पाणी ओतायची, घरी येऊन विटेच्या तुकड्यानं टाचा घासायची. बाया आपसात म्हणायच्या, मनकर्णाबाई संडासात जात नाही, धाड टाकायला जाते.

इंद्रजीतची बायको रूपा या बाईला पहिल्या दिवसापासून भ्यायची. नवी नवरी असताना तिनं भलत्याच ठिकाणी डबा ठेवला होता.

“ए सूनबाई! तुझ्या माहेरी लाईन नसती व्हय?”

“आमच्याकडं घरातच हाये, मावशी.”

खरंच होतं ते. माहेर खेड्यातलं, पण दाराशी पक्का संडास. शहरात दिली म्हणून आईनं गावभर पेढे वाटले, आणि शहरानं पोरीला रांगेत उभं केलं! सगळी रांग खो खो हसली. मनकर्णाबाई तेवढी हसली नाही. रूपानं तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

दुसऱ्या लाटेत रूपाला ताप भरला. गाडी आली, घेऊन गेली, आणि बरी झाल्यावर परत आणून सोडली. पोटात सातवा महिना. वाळूजची कंपनी बंद, इंद्रजीत घरात, सासरे कडुबा दारातल्या खाटेवर. सगळे जिवंत होते, एवढ्यावर रूपा खूश होती.

दुसऱ्या दिवशी तिनं निळा डबा गोलात ठेवला.

कुणी शिवी दिली नाही हो, कुणी हाकललंही नाही. तिच्या मागची टमरेलं एकेक करून फक्त उचलली गेली. रूपा जाऊन आली, आणि ती ज्या दारातून आली ते दार तसंच उघडं हलत राहिलं. बाया दुसऱ्या दाराला लागल्या. आता एका दारावर अख्खी वस्ती म्हणजे काय होणार? रांग दुपारपर्यंत लांबली. म्हाताऱ्या भिंतीला धरून उभ्या, पोरं पोट दाबून नाचतायत. आणि पोटुशी बाई काय एकदाच जाते? रूपा उठली की वस्तीच्या पोटात गोळा.

शेवटी सुलेखा आली. वाईट बाई नाही ती, घरात दमेकरी सासू. लांबूनच हात जोडले.

“रूपा, राग नको मानू गं. तू समद्यांच्या मागून जात जा ना.”

“बरं ताई,” रूपा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पूर्वी पुरुष माणसं कामाला गेली की घरातली मोरी तिची असायची. आता मोरीला आडोसा एका जुन्या साडीचा आणि चार हातांवर सासऱ्याची खाट. तेव्हा रूपानं सोपा मार्ग काढला. पाणीच प्यायचं नाही. पोटात नाही, तर जायचं कशाला? मे महिना, वर तापलेला पत्रा, आणि ही बाई नुसते ओठ ओले करून दिवस काढायला लागली. कडुबा म्हणायचा, “सूनबाई, पाणी पी.” ही पेला भरायची, पाठमोरी व्हायची आणि गुपचूप मोरीत ओतायची. पायांवर सूज आली, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले, लघवीला आग व्हायला लागली. नवऱ्याला सांगितलं नाही. घरातला पुरुष काय रस्ता काढणार होता?

अशा एका दुपारी दारात सावली पडली. नाकावर पदर, कमरेवर हात.

“ए, निळा डबा कुठं मेला?”

रूपा दचकून उठली. “हाये की मावशी, कोपऱ्यात.”

“कोपऱ्यात हाये ते मलाबी कळतंय. सकाळधरनं भाईर आला नाय. जीभ दाखव.”

“काय?”

“जीभ, जीभ! माझ्यावर रोज चालवतेस मनातल्या मनात, आज दाखव.”

जीभ पांढरीफटक, वाळकी. मनकर्णाबाई उंबऱ्याशी खालीच बसली.

“म्या बांधकामावर होते तवा साइटला आडोसा नव्हता. दिवसभर पाणी प्यायची नाय. पुढं मूतखडा झाला. घाटीच्या दवाखान्यात असं बोंबलले, की डाक्टर पळून गेला. अन् तुझ्या तर पोटात जीव हाय. पी.”

“नाय मावशी. मग जावं लागतं.”

“मग जा!”

“लोकं मागं उभी राहत नाहीत. माझ्यापायी समद्यांचे हाल...”

 मनकर्णाबाईचा आवाज असा हळू असू शकतो हे रूपाला पहिल्यांदा कळलं. “माझ्या आजीची घागर विहिरीवरच्या रांगंत कुणी ठिवू देत नव्हतं. लांब बसायची. कुणी वतलं तर पाणी. तवापासून आमच्यात एकटं पडलेलं भांडं कुणाला बघवत नाय.” आणि लगेच गाडी रुळावर. “चल, नखरे बंद! पी आधी.”

मनकर्णाबाईला रूपाच्या दारातून निघताना पाहून वस्तीला वाटलं, उद्या सकाळी महाभारत. सुलेखानं तर पोरांना आधीच घरात कोंडलं. पण मनकर्णाबाई भांडली नाही. तिनं रूपाचा निळा डबा पहिल्या गोलात ठेवला आणि आपलं चकचकीत टमरेल त्याच गोलात, त्याला टेकवून. रूपा गेली, आली. शेजारचं दार मोकळंच होतं.

“मावशे, ते रिकामं हाये की,” कुणीतरी म्हणालं.

“दिसतंय मला. आंधळी नाय.”

आणि रूपा ज्या दारातून बाहेर आली होती त्याच दाराची कडी तिनं हातानं धरली, आत गेली आणि दार लावून घेतलं. सगळी वस्ती जागच्या जागी थिजली. रूपानं एकदा पैठणला धरणाचे दरवाजे उघडलेले पाहिले होते, तेव्हा तिचं तोंड असंच उघडं राहिलं होतं. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मनकर्णाबाई बाहेर आली.

“बघा, हाये का जिती? चला, पुढं कोण?”

कुणीही नाही. तिनं नाक उडवलं आणि टाचा घासायला निघून गेली.

एकदाचं असतं तर कुणीही केलं असतं म्हणा. पण पोटुशी बाई दिवसातून किती वेळा उठते, ते ज्याच्या घरी झालं त्यालाच ठाऊक. आणि रूपा उठली की समोरच्या ओट्यावरून टमरेल वाजायचंच. साठीची बाई, तिला कुठून एवढी लागणार? म्हणून ती ओट्यावर बसून माठातलं पाणी प्यायची, तांब्यावर तांब्या, ढेकर देत, औषध घेतल्यासारखं तोंड करून.

“मावशी, खरंच आलीय का तुम्हाला?” रूपानं एकदा न राहवून विचारलं.

“आली नाय. आणते.”

रूपा हसता हसता भिंतीला टेकली. कित्येक दिवसांनी हसली असेल.

एका दुपारी तिचा डबा नळाशी राहिला म्हणून ती मागं वळली, तर मनकर्णाबाई नळाखाली हात घासत होती. कोपरापर्यंत, लाल होईस्तोवर.

“मावशी... भ्या वाटतं तुम्हाला?”

“मग काय तर! म्या काय देवी हाय व्हय? रोज रातच्याला कपाळाला हात लावून बघते, तापलं का म्हणून.”

“मग कशाला करता हो?”

“तू पाणी पितीस का नाय आता? झालं तर मग. वट्ट्यावरची चटणी उन्हात हाय माझी, सर बाजूला.”

रूपा तिथंच उभी राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, या बाईला भीती म्हणजे काय ते माहीतच नाही, आणि म्हणून तिला हे जमतं. आता कळलं, ही रोज घाबरते आणि रोज कडीला हात लावते. धरणाचे दरवाजे यापुढं काहीच नव्हते.

पुढं कधीतरी एका सकाळी रूपा बाहेर आली, तर मागं मनकर्णाबाईचं चकचकीत टमरेल नव्हतं. ओट्याकडं पाहिलं. मनकर्णाबाई पाय पसरून मजेत बसली होती, हात रिकामे.

“आज मला नाय आली,” ती तिथूनच ओरडली.

रूपाच्या पाठीमागं सुलेखा उभी होती. हातात रंगाचा डबा, तोंडाला पदर गच्च, डोळे अर्धे मिटलेले, लस टोचून घेताना माणूस करतो तसे. शेजारचं दार मोकळं होतं. सुलेखानं त्याकडं एकदा बघितलं, मग रूपाकडं बघितलं.

“सर की गं. मला घाई हाये,” ती म्हणाली आणि रूपाच्याच दारात शिरली. तिच्या मागच्या गोलातला डबा कुणी उचलला नाही. त्याच्या मागचाही नाही.

रूपा घरी आली. तांब्या भरला, आणि पाठमोरी न होता, सासऱ्यासमोर उभ्या उभ्या घटाघटा तळापर्यंत प्यायली. दुसरा भरला. तोही प्यायली. तिसऱ्याला पिंपात तांब्या खरवडल्याचा आवाज झाला, तसा खाटेवरून कडुबा ओरडला,

“सूनबाई, अगं आमाला ठिव की थोडं!”