आकडासुराचा ड्रेस

परभणीत मालकांच्या दुकानात भाड्याने द्यायचे पोशाख दोन दोऱ्यांवर टांगलेले असतात. पुढच्या दोरीवर शाळांच्या गॅदरिंगचे: मावळे, राधा-कृष्ण, वकील, भाजीवाली. मागच्या दोरीवर वाढदिवसांचे: अस्वल, ससा, माकड आणि एक पिवळं काहीतरी, जे बदक की कोंबडा हे आजवर कुणी ठरवलेलं नाही. मागच्या दोरीच्या टोकाला एक काळा ड्रेस आहे. त्याच्यावर छातीला, बाह्यांना, गुडघ्यांना जाड तारेचे आकडे शिवलेत. टोपीवर एक मोठा आकडा आहे, विंचवाच्या नांगीसारखा. हा ड्रेस माझा. म्हणजे मालकांचाच, पण घालतो मी.

मी देवगडकडचा. आठवीत गणितात नापास झालो आणि शाळा सुटली ती सुटलीच. होडीवर गेलो तर ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून तिथेही माझा उपयोग नव्हता. शेवटी जत्रांमधून फिरणाऱ्या एका आकाशपाळण्याबरोबर निघालो. परभणीच्या उरुसात पाळणा उभा केला आणि मला टायफॉईड झाला. पाळणा पुढच्या जत्रेला निघून गेला, मी सरकारी दवाखान्याच्या खाटेवर राहिलो. मालक उरुसात मंडप टाकायला होते. ते दुसऱ्याच कुणाला तरी बघायला दवाखान्यात आले, मला ओळखलं, म्हणाले, "अरे, तू पाळण्यावरचा पोरगा ना? तुझी माणसं कुठंयत?" मी म्हटलं, गेली. त्यांनी मला घरी नेलं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ज्वारीच्या कण्या शिजवून मला वाटीवाटीने खाऊ घातल्या. हे मी विसरत नाही. ते मला विसरूही देत नाहीत.

तेव्हापासून मी दुकानाच्या माळ्यावर राहतो आणि जेवायला मालकांच्या घरी जातो. ताटावर बसलं की माझे कान आतल्या खोलीकडे असतात. मालक-काकूंचं काही हळू आवाजात चाललं असलं, की मला वाटतं विषय मीच आहे. आता म्हणतील, बास झालं, जा तुझ्या गावाला. गावाला जाऊन मी काय करणार होतो? तिथे मी होडीवर ओकणारा, आणि इथे निदान अस्वल तरी होतो.

गंगाखेडहून मालकांना फोन आला तेव्हा मी समोरच फुगे फुगवत होतो. तिथल्या एका मंगल कार्यालयाचे मालक होते, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. नातीचा वाढदिवस होता. नातीला ससा नको, अस्वल नको. ती कॉमिकची पुस्तकं वाचायची, त्यातला कुणीतरी आकडासुर नावाचा राक्षस तिला हवा होता. मालकांनी विचारलं, "कसा असतोय ह्यो?" पलीकडून आबा काय म्हणाले ते फोनबाहेर मलाही ऐकू आलं. "मला काय म्हाईत? पोरगी म्हणायलीय, अंगभर आकडे असतेत त्याच्या."

मालकांनी लगेच टेलरचाचांना फोन लावला. चाचा म्हणजे आमचे सगळे पोशाख शिवणारे म्हातारे. चाचांनी विचारलं, "आंकडे बोले तो, खंबे पे डालते वो?"

"मंग दुसरे कोणते असतेत?" मालक म्हणाले. "लाइट चोरनेवाला राक्षस होंगा. नवीन निघाला असंल."

दोघंही हसले. इकडे आकडा म्हटलं की आधी तो विजेच्या खांबावरचाच डोळ्यांपुढे येतो. बांबूला तार बांधायची, तारेचं टोक वाकवायचं, ते लाइनवर अडकवायचं, घरात उजेड. मी मात्र किनाऱ्यावरचा. मला वाटलं हा गळ आहे, मासेमारीचा. अंगभर गळ टोचलेला राक्षस, जो माणसांना माशांसारखं ओढून नेतो. मला तो फार आवडला. ड्रेस शिवून आला, सोबत आकडा लावलेला एक लांब बांबूही आला. मी माळ्यावर एकटाच सराव करायला लागलो. पाय फाकवायचे, कमरेतून वळायचं, बांबू डोक्यामागे नेऊन गळ फेकल्यासारखा फेकायचा, मग हळूहळू ओढत आणायचं. माझे वडील असंच करायचे. ससा-अस्वल होऊन मी नुसता हात हलवत आलो होतो. पहिल्यांदाच मला काहीतरी करून दाखवायचं होतं.

कार्यालयात संध्याकाळी गर्दी चांगली होती. पुढच्या सोफ्यावर आबा, त्यांच्या शेजारी विजेच्या ऑफिसातले मोठे साहेब, मुद्दाम बोलावलेले. स्टेजवर केक. वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाइटच्या माळा. मालकांनी माइकवर "आता येतोय आकडासुर!" असा आवाज दिला आणि मी पडद्यामागून उडी मारून आलो.

आधी एकदम सगळं शांत झालं. मग मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, जमतंय. मी पाय फाकवले, कमरेतून वळलो आणि बांबू फेकला. टोकाचा आकडा वरच्या लाइटच्या माळेत जाऊन बरोब्बर अडकला.

त्यानंतर जे हसू फुटलं तसं हसू मी आयुष्यात ऐकलेलं नाही. बाया पदर तोंडाला लावून वाकल्या. एकजण ओरडला, "लागली बघा लाइन!" दुसरा म्हणाला, "आबाचा वायरमन हाय का रं ह्यो?" आणि साहेब, ते आबांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "आबा, हा तर तुमच्याकडचाच माणूस दिसतोय!"

कार्यालयाची वीज मागच्या खांबावरून आकडा टाकून घेतलेली होती, हे अख्ख्या गंगाखेडला माहीत होतं. साहेबांनाही असणार. फक्त मला माहीत नव्हतं. मी मासा ओढत होतो.

आबा उठले. हसू एकदम बंद झालं. ते मालकांना म्हणाले, "माझ्या दारात येऊन मला आकडा दावतूस? कुणी सांगितलं तुला हे करायला?"

मालकांचा चेहरा मी बघत होतो. आबांच्या ओळखीने त्यांना तालुक्यातले निम्मे मंडप मिळायचे. तेवढ्यात नात केकजवळून धावत आली. तिच्या हातात ते पुस्तक होतं आणि तिच्या डोळ्यांत पाणी. "हा आकडासुर नाहीचे! त्याच्या अंगावर नंबर्स असतात! वन, टू, थ्री! तुम्हाला काहीच येत नाही!"

पुस्तक साहेबांच्या हातात गेलं, मग आबांच्या, मग मालकांच्या. पिवळ्या घट्ट कपड्यांचा एक किडकिडीत माणूस, अंगभर काळे अंक, डोक्यावर शून्याचा मुकुट. आकडे म्हणजे हे आकडे. मालकांनी पान बघितलं आणि पुस्तक मिटायच्या आत म्हणाले, "मी ह्याला सांगितलं होतं, आबा. जाऊन पुस्तक बघून ये म्हणलं होतं. ह्यानं आपल्या मनानं शिवून आणलं. बाहेरगावचं पोरगं हाय, काय कळतंय त्याला."

मी वाट बघितली. मला वाटलं, ते पुढे काहीतरी बोलतील, थोडंसं तरी आपल्या अंगावर घेतील. ते माझ्याकडे बघतही नव्हते. आणि माझ्या डोक्यात त्या वेळी खरं-खोटं नव्हतंच. माझ्या डोक्यात माळ्यावरची माझी वळकटी होती आणि काकूंच्या स्वयंपाकघरातलं माझं ताट. मी बोललो तर ते दोन्ही आज रात्री नसतील, एवढंच मला कळत होतं.

"काढ ते," आबा म्हणाले.

तिथेच, स्टेजवर, सगळ्यांसमोर मी टोपी काढली, मग ड्रेस. आत माझा जुना बनियन आणि चड्डी. आकडे एकमेकांत अडकत होते, म्हणून वेळ लागला. मालक खालून म्हणाले, "पाया पड आबांच्या." मी पडलो.

आबांनी विचारलं, "कुठला रं तू?"

"देवगडकडचा."

"तिकडं आकडे न्हाईत व्हय?"

"आहेत. पण आमच्याकडे त्याला गळ म्हणतात. मला वाटलं, मासे धरणारा राक्षस आहे."

साहेब आधी हसले. मग आबा हसले, पोट धरून. मग सगळं कार्यालय. "मासे धरायला आलता! गंगाखेडात!" आबांनी माझ्या पाठीत एक दणका घातला आणि म्हणाले, "जा, जेव जा, येड्या." माझ्या एका वाक्याने आबांची अब्रू राहिली, साहेबांची राहिली, मालकांचे मंडप राहिले. सगळे मोकळे झाले. नात तेवढी रडत होती. तिचा राक्षस आलाच नव्हता.

परत येताना मालकांनी टेम्पो वाटेत थांबवला आणि मला गरम भजी घेऊन दिली. स्वतः खाल्ली नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "टेलरचं नाव घेतलं असतं तर उद्या कपडे कोण शिवलं असतं? तू घरचा हायस म्हणून तुझं घेतलं. परक्याचं घेता येत असतंय का?"

मी मान हलवली. मला खरंच बरं वाटलं, घरचा म्हणाले म्हणून. भजी संपेपर्यंत ते बरं वाटणं टिकलं.

पुढे मी ते पुस्तक एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर हुडकून काढलं. आकडासुर त्यात पाच पानं येतो. पहिल्या पानावर बँकेत शिरून लोकांना बेरजा-वजाबाक्यांच्या साखळ्यांनी बांधतो. शेवटच्या पानावर हिरो त्याला म्हणतो, शून्याने भागून दाखव, आणि तो फटाक्यासारखा फुटतो. मधल्या पानांवर सगळे त्याच्या कपड्यांना हसतात. पोलीस हसतात, बँकेतली म्हातारी हसते, बांधलेली माणसंसुद्धा. हा माणूस असले कपडे घालून का आला, ते एकाही चौकटीत लिहिलेलं नाही. मी ते पुस्तक दोनदा वाचलं. गणितात फुटणारा माणूस मला अनोळखी नव्हता.

पिवळा, अंकांचा ड्रेस पुन्हा कधी शिवलाच नाही. त्याची गरजच राहिली नाही, कारण तारांच्या आकड्यांचा ड्रेस चालायला लागला. जिंतूर, सोनपेठ, पाथरी, कुठूनही लोक तोच मागतात. शाळावाले वीज वाचवा म्हणून मागतात, बाकीचे हसायला मागतात. मी पडद्यामागून उडी मारतो, बांबू फेकतो, लोक "लागली लाइन!" म्हणून ओरडतात. मी आता फेकताना कमरेतून वळत नाही. इथले लोक खांबावर जसा टाकतात तसा टाकतो, उभ्या उभ्या, इकडेतिकडे बघत. त्याला जास्त हसतात.

आणि मालक गोष्ट सांगतात. गिऱ्हाईक आलं, ड्रेस बघितला, की सुरू. आधी गोष्टीत एवढंच होतं की मी पुस्तक न बघता ड्रेस शिवून आणला. मग त्यात आलं की मालकांनी मला परोपरीने समजावलं होतं. मग आलं की आबा मारायला उठले आणि मालक मध्ये पडले, म्हणून मी वाचलो. काकूही आता तसंच सांगतात, आणि सांगताना माझ्या ताटात भाकरी वाढत असतात. आईला फोनवर मी खरं काय ते सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "त्यांच्या विरुद्ध बोला नको हां. त्यांनीच तुका जगवल्यानी." आई बरोबरच बोलली. म्हणूनच जास्त लागलं.

परवा सेलूच्या शाळेतल्या एक बाई ड्रेस न्यायला आल्या होत्या. मालकांनी सगळं सांगितलं, देवगड, गळ, मासे, आबांचा उगारलेला हात, आपण कसे आडवे गेलो. बाई डोळे पुसत हसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नशीबवान आहेस बाबा, असे मालक मिळाले."

मालक म्हणाले, "इचारा की त्यालाच. व्हय का न्हाई रं?"

मी ड्रेसची घडी घालत होतो. आकडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून मध्ये मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालावा लागतो.

"व्हय, मालक," मी म्हटलं.