मशीन घ्यायचं की माणूस ठेवायचा

अकोल्यात बियाण्यांच्या एका घाऊक दुकानात मी कॉम्प्युटर सांभाळतो. बिलांचा प्रोग्राम फार पूर्वी मीच लिहिलेला, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर खेड्यापाड्यांतले दुकानदार आले, तर एकेका बिलाला पाच-पाच मिनिटं लागू लागली. काउंटरपलीकडून आवाज यायचा, "काहून बे, झोपलं का तुमचं मशीन?"

आमच्या मालकांना सगळे भाऊ म्हणतात. मी त्यांना दोन उपाय सांगितले. एकतर मोठा सर्व्हर घ्या, नाहीतर डेटाबेस जाणणारा माणूस ठेवा. माणूसही मी हेरून ठेवला होता. अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम नोकरी बदलायच्या विचारात होत्या.

"माणूस दर महिन्याले पगार मांगते," भाऊ म्हणाले, "दिवाळीले बोनस मांगते, मावससासऱ्याच्या तेरवीले सुट्टी मांगते. मशीन काय मांगते?"

मशीनने एसी मागितला. त्यासाठी हिशेबनिसांची खोली गेली आणि ते बिचारे जिन्याखाली, पंख्याशिवाय बसू लागले. नारळ फुटला, भाऊंनी सर्व्हरला स्वतः हार घातला. पाच मिनिटांची साडेतीन मिनिटं झाली आणि तिथंच अडली.

शेवटी भाऊंनीच मॅडमना एका दिवसापुरतं बोलावलं. सकाळच्या गाडीने त्या आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि चहा यायच्या आत त्यांना दुखणं सापडलं. प्रत्येक बिलाच्या वेळी शिल्लक माल काढायला प्रोग्राम दुकानाची अगदी पहिल्यापासूनची सगळी बिलं वाचत होता.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मीच," मी म्हणालो. कान गरम झाले.

त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. शिल्लक मालाची वेगळी नोंद ठेवली, बिलं चटकन सापडावीत म्हणून पुस्तकाला असते तशी सूची लावली. दुपारपर्यंत बटण दाबताच बिल निघू लागलं.

भाऊ दारात उभे होते. "गलती कोनाची होती, मॅडम?"

"कोणाचीच नाही. लिहिलं तेव्हा बिलं थोडी होती. तुमचं दुकान वाढलं, एवढंच."

भाऊ खूश झाले. मला वाटलं, मॅडमची नेमणूक आता पक्की. पण त्या गेल्यावर भाऊ म्हणाले, "चार घंट्याचं काम! त्याच्यासाठी वर्षभर माणूस कायले पोसाचा?" तेव्हापासून कोणी पाहुणा आला की भाऊ त्याला त्या थंड खोलीत नेऊन सर्व्हर दाखवतात, "पाहा, काय पळून राहिलं!"

मॅडम नागपूरला नोकरीवर गेल्या. जाण्याआधी फोनवर त्यांनी मला बरंच शिकवलं. आता डेटाबेसचं ते सगळं काम मीच करतो, जुन्याच पगारात. वाढ मागायला दोनदा केबिनपर्यंत गेलो. पण भाऊंनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगायचं तर आधी बिघडलं काय होतं आणि गलती कोणाची होती तेही सांगावं लागलं असतं. दोन्ही वेळा दारातूनच परत फिरलो.