चष्मेवाल्यांच्या गाडीची डावी बाजू

माझी धाकटी मुलगी गाड्यांवर अक्षरं लावते. प्लंबरची गाडी, केक पोचवणाऱ्या बाईंची गाडी, फ्रिज दुरुस्त करणाऱ्याचा टेम्पो. लोक याला रेडियमचं काम म्हणतात. नातेवाइकांनी विचारलं की मी अजूनही ‘डिझाइनमध्ये आहे’ असं सांगते आणि विषय बदलते. चांगली बसून करायची नोकरी सोडून ती यात पडली, त्याला दोन वर्षं झाली. आता रस्त्याने चालताना ती समोरून येणारी गाडी बघत नाही, गाडीवरची अक्षरं बघते. माझ्या काळज्यांत तेवढीच भर.

तिला काम शिकवणारे गृहस्थ पूर्वी ब्रशने पाट्या रंगवायचे. पंधरा वर्षांत ब्रश हातात धरला नसेल, तरी सगळे त्यांना पेंटरच म्हणतात. माणूस कमी बोलतो, पण टोमणा तयार असतो. ती चुकली की ते तिला ‘बाईसाहेब’ म्हणतात. गेल्या महिन्यात तिने एका इलेक्ट्रिशियनच्या गाडीवर फोन नंबर टाकला, तो सरकत्या दाराच्या मागच्या पत्र्यावर. दार बंद असताना अगदी झकास दिसायचा. पण त्याचं दार दिवसभर उघडंच, आणि उघडलं की ते सरकून नेमकं नंबरावर येऊन बसायचं. तीन आठवडे बिचाऱ्याला एकही नवा फोन आला नाही.

पेंटर तिच्यावर रागावले नाहीत, आणि तिला तेच जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, की पुढची गाडी पहिल्या रेघेपासून शेवटच्या अक्षरापर्यंत तू एकटीने करायची. मी संध्याकाळी येऊन बघेन. मग ठरवू, तू इथे राहायचं की नाही.

पुढची गाडी चष्मेवाल्यांची होती. हे कारखान्यांत आणि वृद्धाश्रमांत जाऊन लोकांचे डोळे तपासतात. नवी पांढरी व्हॅन घेतली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदा एका कारखान्याच्या दारात उभी राहायची होती. संध्याकाळी पाच वाजता ते गाडी न्यायला येणार होते.

त्या दिवशी ती डबा घरीच विसरली. निदान मी तसं धरून चालले आणि बाराच्या सुमारास घेऊन गेले. कार्यशाळा म्हणजे एक लांबट शेड. गाड्या धुवायला सोपं पडावं म्हणून जमीन समोरच्या भिंतीतल्या गटाराकडे किंचित उतरती केलेली. गाडी नाक त्या भिंतीकडे करून उभी होती. मागच्या दारावरचा फोन नंबर आणि उजवी बाजू सकाळीच झाली होती, पण उजवीकडे शेजारी कापायचं मशीन आणि अक्षरांच्या चिकट रंगीत फिल्मची कपाटं, मागे सरून बघायला हातभरही जागा नाही. डाव्या बाजूची अक्षरं कापून तयार होती. गडद निळी, चष्मेवाल्यांनी स्वतः रंग निवडलेली: ‘डोळे तपासणी तुमच्या दारात’.

माझ्याएवढ्या उंचीच्या माणसाने आडवं झोपावं तेवढी ती लांब ओळ होती. वर चिकट कागद, खाली मेणकागद, मध्ये अक्षरं. मुलीला ती एकटीने धरता येईना. एरवी दुसरं टोक पेंटर धरतात. मी म्हटलं, मी धरते. ती जरा घुटमळली, मग म्हणाली, “धर. पण पेंटरकाकांना सांगायचं नाही.”

तिने गाडीच्या पत्र्यात दाबलेल्या आडव्या रेघेपासून मोजून ओळ कागदी टेपने तात्पुरती टांगली. मी मागे सरून पाहिलं. माझ्या डोळ्यांना साफ दिसलं, की पहिलं अक्षर खाली आहे आणि शेवटचं वर. मी तसं बोलले. ती म्हणाली, पत्र्याच्या रेघेला समांतर आहे. मी म्हटलं, मग रेघच तिरकी असेल. यावर तिने पुन्हा रेघेकडे पाहिलं, कारण पेंटरांनीच तिला सांगितलं होतं की काही गाड्यांची रेघ दिसायला छान म्हणून मुद्दाम चढती केलेली असते, तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी विज्ञान शाखेची पदवीधर बाई, फळीवर मला लेव्हलपट्टी दिसली. काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, गवंड्यांकडे असते ती. मी ती अक्षरांच्या शिरोरेषेला लावली. बुडबुडा मध्यापासून स्पष्ट ढळलेला. तिने पट्टी माझ्या हातातून घेऊन पुन्हा लावली, मग उजव्या बाजूला अंग चोरून शिरली आणि तिथेही लावली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिला वाटलं, सकाळची बाजूही वाकडीच लागली आहे.

आधी डावी नीट करू, मग उजवीचं बघू, असं तिने ठरवलं. टेप सोडवून ओळीचं पुढचं टोक दोन बोटं वर घेतलं. बुडबुडा मध्ये आला. मेणकागद काढत, प्लास्टिकच्या पट्टीने दाबत दाबत तिने सगळी ओळ बसवली. कुठे सुरकुती नाही, फुगा नाही. मला हायसं वाटलं. मी डबा उघडायला लागले.

ती फोटो काढायला म्हणून गाडी बाहेर सपाट रस्त्यावर घेऊन गेली, आणि तिथेच उभी राहिली. मी हाक मारली तरी आली नाही, म्हणून मी गेले.

वाकडी शेडची जमीन होती. गाडी आत नाक खाली करून उभी होती, आणि आम्ही अक्षरं गाडीला न लावता पृथ्वीला समांतर लावली होती. आता गाडी सरळ उभी होती आणि ओळ घसरगुंडीवरून मागे उतरत होती. सुटी सुटी अक्षरं असती तर एखाद वेळी खपलंही असतं. पण आपल्या अक्षरांच्या डोक्यावरून रेघ जाते, आणि खाली पत्र्याची रेघ. दोन रेघा पुढच्या बाजूला लांब आणि मागच्या बाजूला जवळ. लहान पोरालाही दिसलं असतं. उजवी बाजू, सकाळची, तिची एकटीची, अगदी बरोबर होती.

मी काय म्हणाले ते लिहायला लाज वाटते. मी म्हणाले, राहू दे, कोण एवढं निरखून बघतंय, गाडी ती बाजू भिंतीला लावून उभी करायला सांग.

“आई,” ती म्हणाली, “ते डोळे तपासतात.”

पावणेदोन वाजले होते. एकदा चिकटलेली अक्षरं काढून परत लावता येत नाहीत. गरम हवेने सैल करून ओढली की ती रबरासारखी ताणली जातात. म्हणजे नवी कापायची. आणि त्या निळ्या रंगाचा रोल संपत आला होता, पुढचा सोमवारी येणार होता. तिने उरलेला तुकडा जमिनीवर पसरून मोजला. लांबी पुरत होती, रुंदी नाही. अक्षरं अर्ध्या बोटाने लहान करावी लागणार होती.

पुढचे अडीच तास यातच गेले. तिने गाडी पुन्हा आत घेतली आणि बसवलेली अक्षरं एक एक करून काढली. रंग उचकटेल की काय म्हणून मी श्वास धरून बसले होते, पण पत्रा शाबूत राहिला. गोंदाचे डाग पुसले. मशीनने नवी ओळ कापली. ती चिमट्याने अक्षरांमधला नको तो भाग उचलत असताना ‘णी’ची वेलांटी सोबत उचलली जाऊ लागली. तिने चिमटा खाली ठेवला, हात मांडीवर पुसले आणि पुन्हा उचलला. वेलांटी वाचली. मग टेप. या वेळी पत्र्याच्या रेघेपासून. मी दुसरं टोक धरलं आणि तोंड मिटून घेतलं. ओळ बसल्यावर तिने गाडी पुन्हा रस्त्यावर काढली. दोन्ही रेघा समांतर होत्या.

सव्वाचारला पेंटर आले. मला बघून मान हलवली. गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या बाजूला उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. जुनी अक्षरं काढून गोंद पुसला होता तिथला पत्रा जरा जास्तच चमकत होता.

“दुसऱ्यांदा लावली ही,” ते म्हणाले.

“हो. पहिल्यांदा लेव्हल लावून लावली होती.”

“लेव्हल.” त्यांनी शेडच्या जमिनीकडे पाहिलं. “आणि ही अक्कल कोणाची, बाईसाहेब?”

“माझी,” ती म्हणाली.

मी म्हटलं, तिची नाही, माझी. टोकही मीच धरलं होतं. पेंटरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आमचं दोघींचं खोटं आणि खरं एकाच दमात बाहेर पडलं होतं. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात चष्मेवाले आले, वेळेच्या आधी. ते रस्त्याच्या पार टोकाला गेले, एका डोळ्यावर तळहात ठेवला आणि ओळ मोठ्याने वाचली. मग दुसरा डोळा झाकून मागच्या दारावरचा फोन नंबर वाचला. खूश दिसले. पेंटर हाताची घडी घालून उभे. आता नुसतं गप्प राहिलं की झालं, असं माझं मन ओरडत होतं.

ती पुढे झाली. म्हणाली, “या बाजूची अक्षरं उजवीकडच्यापेक्षा अर्ध्या बोटाने लहान आहेत. माझ्याकडून एकदा चुकली, आणि फिल्म संपली होती. सोमवारी नवी आली की मोठी लावून देते.”

ते हसून म्हणाले, दोन्ही बाजू एकदम कोणाला दिसणार आहेत?

“कोणालाच नाही. पण गाडीभोवती रोज तुम्ही फिरणार.”

चष्मेवाले खरोखरच फिरून आले. दोनदा. मग म्हणाले, “चौथ्या दिवशी मला नक्की कळलं असतं. आणि मग रोज तेच दिसलं असतं.” सोमवारी गाडी आणतो म्हणाले, किल्ली घेतली आणि गेले.

पेंटरांनी शेडचं शटर अर्धं ओढलं. गुरुवारी पाववाल्याचा टेम्पो येणार आहे, त्याचं माप सकाळी लवकर घ्यायचं, असं ते तिला नेहमीच्या आवाजात म्हणाले. राहायचं की नाही यावर तेवढंच झालं. मग फळीवरची लेव्हलपट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

“वहिनी, ही घरी न्या. भिंतीवर फोटो लावायला बरी पडेल.”

घरी येताना ती रस्ताभर गाड्यांवरची अक्षरं बघत होती. दाराशी आल्यावर म्हणाली, की गुरुवारची ओळही लांब आहे, टोक धरायला यायचं असेल तर ये. पण बोलायचं नाही.

मी हो म्हटलं आहे. जमेल की नाही, देव जाणे.