पडवीत सुटलेली हाक

गोदावरीकाठची माणसं मान देण्यात उधळी. आत्रेयपुरमात आम्ही म्हशीलासुद्धा 'बाजूला व्हा' म्हणतो. तरी बायको नवऱ्याला 'एवंडी' म्हणते ते वेगळं. शब्द तोच, चारचौघांतला 'अहो'. पण शेवटी सूर जरासा कुरकुरत वर जातो. संसार केलेल्या बाईला तो भिंतीआडूनही ओळखू येतो.

नूकरत्नम आणि सत्यवती हा शब्द दार लावून वापरत. बाहेर त्या एकमेकींना वहिनी म्हणत. कुणाच्या भावाची कोण, हे गल्लीत कुणी विचारलं नाही. नात्याला नाव असलं की आम्हाला पुरतं.

दोघी घरमालकीण मंगतायारूंच्या पडवीत पूतरेकुलू ही पापुद्र्यांची मिठाई करत. चुलीवर उपडं मडकं, त्यावर तांदळाच्या पातळ पिठात भिजवलेला फडका ओढला की कागदासारखा पापुद्रा सुटतो. पापुद्रे सत्यवती काढी. तूप-गूळ घालून घड्या नूकरत्नम घाली.

नूकरत्नम जन्माची भित्री, पण भिण्याला कारणही होतं. आधीच्या भाडेकरू जोडप्याने जातीबाहेर लग्न केल्याचं कळलं, तेव्हा मंगतायारूंनी संध्याकाळच्या आत त्यांची भांडी रस्त्यावर मांडली होती. घासून. आपली भांडी निघाली तर तुनी गावचा भाऊ येऊन आपल्याला घेऊन जाणार, हे नूकरत्नम जाणून होती. त्याने एक बिजवर हेरूनच ठेवला होता.

संक्रांतीच्या गडबडीत मंगतायारू आणि आम्ही तिघी शेजारणी मदतीला बसलो होतो. चुलीत झावळी तडतडली आणि सत्यवतीच्या पदराने पेट घेतला. तिला पत्ता नाही. नूकरत्नमने पाहिलं.

"अहो, पदर!"

सूर वर गेला.

पाणी ओतून पदर विझवला. मग आम्ही नूकरत्नमकडे बघू लागलो. तो सूर आम्ही सगळ्यांनी जन्मभर वापरलेला. नूकरत्नम कोपऱ्यातल्या आपल्या भांड्यांकडे बघत होती, निरोप घेतल्यासारखी. सत्यवती पदर पिळत राहिली. पाणी कधीच संपलं होतं.

मंगतायारूंनी तुपाची वाटी खाली ठेवली. "मलाच हाक मारलीस ना गं?"

उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही.

"मलाच. इथं मोठी मीच. पोरीने मान दिला तर एवढं काय बघताय? घड्या घाला."

आम्ही घातल्या. खुलाशावर विश्वास कुणाचाच बसला नव्हता, पण घरी घेऊन जायला तो बरा होता.

उठताना मंगतायारू नूकरत्नमजवळ थांबल्या. मी शेजारीच होते, म्हणून ऐकलं. "आतली हाक आत ठेव. पुढच्या वेळी मला खरंच ऐकू येईल."

ही माया की ताकीद, असं नूकरत्नमने मला नंतर विचारलं.

तेव्हापासून ती सत्यवतीला हाकच मारत नाही, दार लावूनही नाही. वाटीवर चमचा वाजवते. मंगतायारू मागच्या अंगणातून आपल्या नवऱ्याला 'अहो' म्हणाल्या, की हिच्या हातातला पापुद्रा फाटतो. फाटका माल गिऱ्हाईक घेत नाही. तो दोघी संध्याकाळी गुळाशी खातात.