होडी बंद होण्याआधी

गेल्या आठवड्यात दवाखान्यापुढे एक बैलगाडी येऊन थांबली. ती का आली, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल...

मी कराडजवळच्या एका लहान दवाखान्यात नर्स आहे. सुईणकाम शिकले आहे, नकाशेही काढता येतात. म्हणून चैत्रात डॉक्टरसाहेबांनी मला जागा पाहायला सोबत नेलं. स्वराज्य आलं, आता खेड्यांसाठी धड इस्पितळ हवं. ते कुठे आणि कसं बांधायचं, याचा रिपोर्ट आम्हाला द्यायचा होता.

कोयनेपलीकडच्या गावातले एक निवृत्त सुभेदार आपली उसाची जमीन फुकट देत होते. काळी, सपाट, उंचावरची... डॉक्टर खूश झाले. मी टेप लावली, पुराच्या खुणा पाहिल्या. जमिनीत खोट नव्हती.

पण मोटाररस्ता नदीच्या अलीकडे आणि बहुतेक गावंही अलीकडेच. पावसात होडी बंद झाली की त्या इस्पितळात औषध पोचणार नाही, सर्जनही नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं.

सुभेदार म्हणाले, "आवं बाई, म्हनून तर हिकडं मागतोय. आमची कारभारीन तिसऱ्या खेपेला अडली. नदी भरल्याली, नावाडी हात जोडून बसला. पल्याडचा रस्ता नुसता दिसत हुता. त्यातच गेली ती."

त्यांचं दुःख खरं होतं आणि जागा चुकीची होती.

घरी चहा झाला. त्यांची सून पहिलटकरीण, सातवा महिना. तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला होता. पावसाआधी निघालीस हे बरं केलंस, असं मी म्हटलं.

ती उंबऱ्याआडून हळूच म्हणाली, "पहिलं माहेरचं, बाई. म्होरली गावदेवीच्या भरवशावर."

ओसरीवर ते ऐकू गेलं. सुभेदारांची बशी ओठाशी नेता नेता थांबली.

परतताना होडीत मी तेच वाक्य घोळवत होते. पहिलं बाळंतपण जड जाऊ नये म्हणून मुलीला वेळेआधीच आणून ठेवतात. त्याला कुणी उपचार म्हणत नाही. पुढच्या खेपांना मात्र न्यायला कुणी येत नाही...

रिपोर्टात इस्पितळाची जागा अलीकडे, रस्त्यालगत धरली. त्याच्या नकाशात मी बाळंतिणींच्या वॉर्डाला लागून एक लांब खोली काढली. चूल, न्हाणी, आणि निजायला जागा. पलीकडच्या बायकांनी मृगाआधी यावं, थोरली पोरं घेऊन यावं, मोकळं होईपर्यंत राहावं.

"यात आजारी कोण?" डॉक्टरांनी विचारलं. कुणीच नाही, मी म्हटलं. "मग हे इस्पितळ आहे की धर्मशाळा?"

होडी बंद असताना अडलेल्या बाईसाठी माझ्याकडे दुसरा उपाय नाही, तुमच्याकडे असेल तर खोली खोडते, असं मी सांगितलं. खोली राहिली.

जमीन घेत नाही, हे सुभेदारांना सांगायला मीच गेले. नकाशा दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "माहेरी न्यायला भाऊ येतो. तुमच्या ह्या खोलीत आनायला कोन येनार?"

याचं उत्तर नकाशात नव्हतं. मी तो गुंडाळून परत आले.

गेल्या आठवड्यातली गाडी त्यांचीच. नदीला अजून उतार होता, बैल पाण्यातून चालत आले होते. आत त्यांची शेजारीण, चौथी खेप, दिवस भरत आलेले. मांडीशी एक पोर झोपलेलं, पायाशी जोंधळ्याचं गाठोडं.

"मिरगाच्या आत आनलीया. घ्या उतरून."

सुभेदार, ती खोली अजून कागदावरच आहे, मी म्हणाले.

"ठाव हाय की. तुमचा कागद पास हुईस्तवर पाऊस थांबनार हाय व्हय?"

दवाखान्यामागे माझी राहायची खोली आहे. मी तिची किल्ली काढून दिली आणि माझी पथारी औषधांच्या खोलीत हलवली.

आज सकाळी होडी बंद झाली. मंजुरी यायची आहे, येईल की नाही सांगता येत नाही. पण ती बाई अलीकडे आहे, आणि हे लिहिताना माझ्या चुलीवर तिची भाकरी भाजल्याचा वास येतो आहे...

सुभेदारांचे आभार तोंडावर मानणं मला जमलं नाही. ते इथे मानते.